बेसूरपणाचे आकर्षण : ‘द शॅग्ज’च्या निमित्ताने

एखादी कलाकृती फसली आहे असे म्हणायचे, तर ती काय साधू पाहत होती हे आधी ठाऊक असावे लागते. नेम चुकला हे लक्ष्य दिसत असेल तरच सांगता येते. प्रशिक्षित कलावंताचे लक्ष्य परंपरेने, संगीतप्रकाराने आणि श्रोत्यांच्या अपेक्षांनी बरेचसे निश्चित झालेले असते. म्हणून त्याचा बेसूर हा निःसंदिग्ध दोष ठरतो. परंतु ज्यांनी परंपरा नाकारलेली नाही आणि आत्मसातही केलेली नाही, त्यांच्या संगीताचे काय? अर्विन चुसिड या अमेरिकन लेखकाच्या २००० सालच्या पुस्तकाने अशा संगीताला ‘आउटसायडर म्युझिक’ ही संज्ञा रूढ करून दिली. त्यामागे चित्रकलेतील पूर्वपरंपरा होती : झाँ द्युब्युफेने मांडलेली ‘आर ब्र्युत’ची कल्पना आणि तिला रॉजर कार्डिनलने १९७२ साली दिलेले ‘आउटसायडर आर्ट’ हे इंग्रजी नाव. या बहिःस्थ संगीताविषयी समीक्षेपुढे उभा राहणारा प्रश्न असा, की त्याचे आकर्षण संगीताचे आहे, की संगीतकारांच्या कहाणीचे?

‘द शॅग्ज’ हे या प्रश्नाचे सर्वांत कसोटी पाहणारे उदाहरण होय. अमेरिकेतील न्यू हॅम्पशर राज्यातल्या फ्रीमाँट या लहान गावातील डॉट, बेटी आणि हेलन विगिन या तीन बहिणींचे हे वाद्यवृंद. आपल्या मुली लोकप्रिय वाद्यवृंद काढतील, हे आईने हात पाहून वर्तवलेले भविष्य खरे करण्याचा ध्यास त्यांचे वडील ऑस्टिन विगिन यांनी घेतला. त्यांनी मुलींना शाळेतून काढले, वाद्ये आणून दिली, रोजचा सराव सक्तीचा केला आणि १९६९ साली ‘फिलॉसफी ऑफ द वर्ल्ड’ ही ध्वनिमुद्रिका करवून घेतली. ती तेव्हा जवळजवळ कोणाच्याही कानी पडली नाही. १९७५ साली वडील वारले आणि वाद्यवृंद थांबले. १९८० साली ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हापासून तिची कीर्ती वाढतच गेली.

या कीर्तीची दोन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. पहिले उपहासाचे. अनौचित्य हे हास्याचे मूळ आहे, हा अभिनवगुप्ताचा विचार येथे सहज आठवतो. फ्लॉरेन्स फॉस्टर जेन्किन्सच्या गायनाला हे स्पष्टीकरण लागू पडते. २५ ऑक्टोबर १९४४ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गाणाऱ्या या धनिक स्त्रीने मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मधील रात्रीच्या राणीचे गीत ध्वनिमुद्रित केले आहे. मूळ स्वरावली श्रोत्याला परिचित असते. त्यामुळे प्रत्येक निसटलेला स्वर मोजता येतो आणि हसू येते. डॉट विगिनच्या गीतांना असे मूळ नाही. ती तिनेच रचलेली आहेत. ज्याच्याशी ताडून पाहावे असे दुसरे काही अस्तित्वात नाही. शिवाय उपहासाचे हसू पहिल्या श्रवणातच संपते, आणि ही ध्वनिमुद्रिका तर पुनःपुन्हा ऐकली जाते.

दुसरे स्पष्टीकरण निरागसतेचे. निर्व्याज कँप हाच खरा कँप, असे सूझन सोंटॅगने १९६४ साली म्हटले, त्याचाच हा भाबडा विस्तार. कौशल्य नाही म्हणून ढोंग नाही, ढोंग नाही म्हणून सत्य आहे, असा हा युक्तिवाद. त्यातील उणीव उघड आहे. प्रांजळपणा हा मनाचा गुण आहे, स्वरांचा नव्हे. जगात प्रांजळ आणि कंटाळवाणी गाणी विपुल आहेत.

म्हणून प्रत्यक्ष संगीताकडे वळणे अपरिहार्य ठरते. ‘माय पाल फुट फुट’ हे हरवलेल्या मांजराचे गीत लक्षपूर्वक ऐकले, तर वरकरणी गोंधळ वाटणाऱ्या रचनेमागे एक नियम असल्याचे ध्यानात येते. चाल शब्दांच्या अक्षरांना चिकटून चालते. जितकी अक्षरे तितके स्वर. वाक्य लांबले की ओळ लांबते, आवर्तनात ते बसवण्याची धडपड नाही. गिटार गळ्यामागून तीच वळणे घेत जाते. हेलनचा ड्रम मात्र स्वतःच्याच गतीने वाजत राहतो. अशा प्रकारे बोलण्याची लय आणि तालाची लय यांचा एरवी संगीतात आधीच मिटवला जाणारा कलह येथे न मिटवता ऐकवला जातो. मर्ढेकरांच्या परिभाषेत सांगायचे तर संवाद आणि विरोध दोन्ही आहेत. समतोल मात्र नाही. समतोलाची ही सतत लांबणारी प्रतीक्षा हेच श्रोत्याला धरून ठेवणारे तत्त्व आहे. २००१ साली इतर कलावंतांनी या गीतांच्या स्वतंत्र आवृत्त्या केल्या, यावरूनही त्यांत पुन्हा बसवण्याजोगी रचना असल्याचे दिसते. केवळ अपघात पुन्हा बसवता येत नाही.

तथापि येथून या संगीताला ऑर्नेट कोलमनच्या मुक्त जॅझच्या पंक्तीला बसवण्याकडे जी उडी घेतली जाते, ती सदोष आहे. कोलमनला सोडून दिलेले नियम ठाऊक होते. विगिन भगिनींना लोकप्रिय गाण्यांसारखेच गायचे होते. श्रोत्याला जे स्वातंत्र्य ऐकू येते, ते त्यांनी घेतलेले नव्हते. उलट, ज्या संगीतात नियमांपासून मुक्ती जाणवते, ते वडिलांच्या कठोर नियमाखाली घडले होते. ‘हू आर पेरेंट्स?’ या गीतात आईवडिलांची थोरवी गायिली आहे, हे येथे विसरता येत नाही.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक मानली : एक ध्रुव अलौकिकतावादी, दुसरा लौकिकतावादी. बहिःस्थ संगीताच्या आस्वादात या दोन ध्रुवांमधील ताण विशेष तीव्र होतो. केवळ नाद ऐकावा, तर त्यामागची सक्ती नजरेआड होते. केवळ कहाणी ऐकावी, तर संगीत करुणेचे निमित्त होऊन बसते. ज्यांना या संगीताचे ‘शुद्ध’ म्हणून कौतुक वाटते, ते या दोन्ही चुका एकदम करतात : कहाणीतून निरागसता घेतात आणि तिच्यातील सक्ती वगळतात.

याचा पुरावा त्यांच्या नंतरच्या ध्वनिमुद्रणांच्या स्वागतात सापडतो. १९७५ सालचे, पुढे १९८२ साली प्रकाशित झालेले ध्वनिमुद्रण ऐकता बहिणींचे वादन बरेच सुधारलेले आढळते. गौरव मात्र आजही प्रामुख्याने पहिल्याच ध्वनिमुद्रिकेचा होतो. त्यांनी शिकायला नको होते, अशी एक अनुच्चारित इच्छा या गौरवात दडलेली आहे. शिकण्याचा अधिकार कलावंताकडून काढून घेणारा आस्वाद कितीही प्रेमळ असला, तरी तो कलावंताला आपल्या बरोबरीचा मानत नाही. निरागसता ही बहिःस्थाची मिळकत नसून आतल्यांनी त्याच्यावर लादलेली भूमिका असते.

विगिन भगिनींच्या संगीताचा न्याय करायचा, तर त्यांना निष्पाप ठरवण्याऐवजी रचनाकार मानावे लागेल. अक्षरामागून स्वर नेण्याचा डॉटचा मार्ग तिचाच होता, आणि त्याची फलिते व मर्यादा इतर कोणत्याही रचनाकाराच्या बाबतीत तपासाव्यात तशाच तपासाव्या लागतील. त्या तपासणीत काही गीते टिकतील, काही टिकणार नाहीत. कौतुकापेक्षा हा आदर अधिक खडतर आहे, परंतु आजवर त्यांच्या वाट्याला फारसा आला नाही तो हाच.