दैनंदिन मालिकांतील लेखकवर्ग आणि पुनरुक्तीचा प्रश्न

अमेरिकन दूरचित्रवाणीवर दुपारी दाखविल्या जाणाऱ्या दैनंदिन मालिकांना साबणाच्या जाहिरातदारांमुळे 'सोप ऑपेरा' हे काहीसे कुत्सित नाव मिळाले. ह्या मालिकांच्या ऱ्हासाची चर्चा निघाली, की एक कारण हमखास पुढे केले जाते: पैसा आटला, लेखकांची संख्या कमी झाली, आणि म्हणून लेखन बिघडले. ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. परंतु 'बिघडले' म्हणजे नेमके काय झाले, भाषेच्या कोणत्या अंगाला इजा पोहोचली, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही. लेखक मोजणे सोपे असते. त्यांच्या संख्येचा आणि संवादातील वाक्याचा संबंध दाखविणे हे खरे समीक्षेचे काम होय, आणि ते काम बहुधा टाळले गेले आहे.

प्रारंभीच एक अडचण उभी राहते. ह्या साहित्यप्रकाराची जननी म्हणून जिचा उल्लेख होतो त्या इर्ना फिलिप्स ह्यांच्यापाशी लेखकांचा ताफा नव्हता. १९३० साली शिकागोच्या डब्ल्यूजीएन केंद्रावरून त्यांची 'पेंटेड ड्रीम्स' ही नभोवाणीमालिका सुरू झाली. १९३७च्या जानेवारीत 'द गाइडिंग लाइट' आली. फिलिप्सबाई खोलीत येरझारा घालीत, एकेका पात्राचा आवाज काढीत, संवाद तोंडी सांगत आणि लेखनिक ते उतरवून घेत असे. पुढे व्याप वाढल्यावर त्यांनीही मदतनीस घेतले, पण आवाज त्यांचाच राहिला. त्याच काळात फ्रँक व अॅन हमर्ट ह्या दांपत्याने नेमकी उलट पद्धत रूढ केली. कथेचा आराखडा हमर्ट मंडळींनी ठरवावयाचा आणि पगारी लेखकांनी त्यावर केवळ संभाषण चढवावयाचे, असा तो कारखाना होता. म्हणजे एकहाती लेखन आणि समूहलेखन ह्या दोन्ही रीती जन्मकाळापासून शेजारी शेजारी नांदत होत्या. लेखक थोडे म्हणून लेखन हीन, हे समीकरण इतिहासाला मान्य नाही.

मग लेखकवर्ग मोठा झाला तो कशामुळे? ह्याचे उत्तर कलेत नसून घड्याळात आहे. १९५२ साली 'गाइडिंग लाइट' दूरचित्रवाणीवर आली तेव्हा तिचा भाग पंधरा मिनिटांचा होता. २ एप्रिल १९५६ रोजी 'अॅज द वर्ल्ड टर्न्स' आणि 'द एज ऑफ नाइट' ह्या दोन मालिका अर्ध्या तासाच्या म्हणून सुरू झाल्या. १९७५च्या जानेवारीत 'अनदर वर्ल्ड' एका तासाची झाली व इतर अनेकींनी तिचे अनुकरण केले. १९७९ साली तर तीच मालिका दीड तासापर्यंत ताणण्यात आली, आणि तो ताण अर्थातच फार काळ टिकला नाही. नाटककार म्हणून आलेले हार्डिंग लमे हे १९७१पासून तिचे मुख्य लेखक होते. त्यांनी १९७९ सालीच ते पद सोडले आणि दोन वर्षांनी आपल्या आठ वर्षांच्या अनुभवाचे पुस्तक प्रसिद्ध केले. वर्षाला सुमारे अडीचशे भाग, प्रत्येक भाग जाहिराती धरून एका तासाचा: एवढे लेखन एका माणसाच्या आवाक्यातील नव्हे. साठ-सत्तरच्या दशकांत जाहिरातींचे उत्पन्न भरघोस होते, आणि त्या उत्पन्नाने तास जसा विकत घेतला तसाच तो भरून काढणारा लेखकवर्गही विकत घेतला. पुढे प्रेक्षक घटले. स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरी करू लागल्या, केबलवाहिन्या आल्या, १९९५ साली सिंप्सन खटल्याच्या थेट प्रक्षेपणाने महिनोनमहिने दुपारच्या मालिकांची जागा अडविली. उत्पन्न ओसरले, तास मात्र तेवढाच राहिला. सगळ्या गुंत्याचे मूळ येथे आहे.

आता तासभराच्या मालिकेतील लेखनाची उतरंड पाहिली पाहिजे. वरती मुख्य लेखक. तो पुढील कित्येक महिन्यांच्या कथानकाची रूपरेषा आखतो. त्याच्या खाली आराखडालेखक. ते एकेका भागाची प्रवेशवार मांडणी करतात, कोणत्या स्थळी कोणती पात्रे भेटतील आणि प्रवेश कोठे तुटेल हे ठरवितात. त्याखाली संवादलेखक, आराखडा हाती घेऊन ते बहुधा घरी बसून पूर्ण संहिता तयार करतात. शेवटी संहितासंपादक वेगवेगळ्या हातांचे भाग एका सुरात आणतो. श्रेयनामावलीत दहाबारा नावे दिसत ती ह्या चार थरांची. काटकसर सुरू झाली तेव्हा कात्री सर्व थरांवर सारखी पडली नाही. मुख्य लेखकाचे नाव प्रतिष्ठेचे, ते राहिले. संवादलेखकावाचून कॅमेऱ्यापुढे उभेच राहता येत नाही, तेही कमीअधिक प्रमाणात राहिले. दाब मुख्यतः मधल्या जागांवर आला: आराखडालेखक कमी झाले, एकाच व्यक्तीकडे दोन कामे आली.

मधल्या थराचे हे दुबळेपण भाषेत कसे उमटते ते पाहण्याजोगे आहे. आराखडा हा स्वभावतः परोक्ष कथनात लिहिलेला असतो. 'ती त्याला सांगते की तिचा त्याच्यावरील विश्वास उडाला आहे, कारण त्याने तिच्या बहिणीपासून सत्य लपविले', अशा धाटणीचे त्याचे वाक्य असते. संवादलेखकाचे काम ह्या परोक्ष वाक्याचे प्रत्यक्ष उक्तीत रूपांतर करणे हे. परंतु हे रूपांतर व्याकरणातील रूपांतराहून फार निराळे आहे. व्याकरणात तृतीय पुरुषाचा प्रथम पुरुष केला, क्रियापद बदलले, की काम झाले. माणूस तसे बोलत नाही. ज्या बाईचा विश्वास उडाला आहे ती 'विश्वास' हा शब्द बहुधा उच्चारणारच नाही. ती टेबलावरचा कप उचलून ठेवील आणि बहिणीची चौकशी करील. आराखड्यातील अर्थ आणि पात्राचे शब्द ह्यांमधील हे अंतर म्हणजेच संवादकला. ते अंतर पार करावयास वेळ लागतो, आणि आराखडाही पुरेसा विचाराने लिहिलेला असावा लागतो. दोन्ही नसले की व्याकरणातील रूपांतरच तेवढे उरते. पात्रे स्वतःच्या भावनांचे निदान करू लागतात. 'कारण', 'म्हणून', 'याचा अर्थ असा की' ह्या अर्थाच्या उभयान्वयी शब्दांची दाटी होते. भाववाचक नामे वाढतात. उत्तरकालीन अनेक मालिकांतील संभाषण ऐकताना जी कोरड जाणवते ती ही. पात्र बोलत नसून आराखडा बोलत असतो.

दुसरा परिणाम पुनरुक्तीच्या बाबतीत घडला, आणि तो अधिक गंभीर आहे. ह्या मालिकांवर सर्वात जुना आक्षेप पाल्हाळाचा आहे: तीच बातमी पाच जणांना पाच वेळा सांगितली जाते. रॉबर्ट अॅलन ह्यांनी आपल्या १९८५ सालच्या ग्रंथात ह्या आक्षेपाला दिलेले उत्तर अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. सोस्यूरप्रणीत दोन संबंधांचा आधार घेऊन ते दाखवितात की, घटनांच्या क्रमाच्या, म्हणजे अन्वयसंबंधाच्या, दृष्टीने हे पुनःकथन निरर्थक भासले तरी पात्रांच्या साहचर्यसंबंधांच्या दृष्टीने ते अत्यंत अर्थपूर्ण असते. बातमी जुनीच, पण ती आज आईला कळली, उद्या पूर्वपतीला कळणार, आणि तिसऱ्या दिवशी जिला कळू नये तिला कळणार. प्रत्येक ऐकणाऱ्याच्या जागी संपूर्ण गावाच्या नातेसंबंधांचा इतिहास उभा असतो, आणि नित्याचा प्रेक्षक तो इतिहास जाणून असतो. (इंग्रजीला ह्यासाठी बरेच शब्द खर्च करावे लागतात. आत्या, मावशी, काकू आणि मामी ह्या चौघींना एकच नाव असलेल्या भाषेत नाते स्पष्ट करावयाचे तर अख्खे उपवाक्य घालावे लागते, आणि मालिकांतील संवाद अवजड होण्यास हेही एक लहानसे कारण आहे.)

हाच विचार न्यायशास्त्राच्या परिभाषेत अधिक नेमका मांडता येतो. तेथे पुनर्वचनाचे दोन प्रकार मानले आहेत: निष्प्रयोजन पुनर्वचन ते पुनरुक्त, आणि तो दोष, सप्रयोजन पुनर्वचन तो अनुवाद, आणि तो दोष नव्हे. अॅलन ज्याचे समर्थन करतात तो अनुवाद होय. आक्षेपकांना मात्र सर्वत्र पुनरुक्तच दिसते. अॅलन ह्यांच्या उपपत्तीत एक उणीव आहे, व ती त्यांच्या काळामुळे आलेली आहे. अनुवाद हा ह्या प्रकाराचा जणू अंगभूत गुण आहे असे त्यांनी गृहीत धरले. तो गुण पैशावर उभा होता हे ऐंशीच्या दशकात स्पष्ट दिसण्याचे कारण नव्हते. बातमी कोणाला सांगावयाची ही निवड आराखडालेखकाची. नटांना आठवड्याला ठराविक भागांची हमी असते आणि मोबदला भागागणिक मिळतो. हमी कमी झाली, एका भागात किती नट व किती स्थळे वापरावयाची ह्यावर मर्यादा आली, की 'कोणाला कळल्याने सर्वाधिक अर्थ उत्पन्न होईल' हा प्रश्न मागे पडतो व 'ह्या आठवड्यात कोण उपलब्ध आहे' हा प्रश्न पुढे येतो. मुलीच्या आजाराची बातमी आजीला न कळता, त्या दिवशी जो नट बोलावलेला असेल त्या कॉफीगृहाच्या मालकाला कळते. शब्द तेच राहतात, अनुवादाचा पुनरुक्त होतो. एकही वाक्य न बदलता लेखन वाईट होण्याचे इतके स्वच्छ उदाहरण अन्यत्र क्वचितच मिळेल.

'गाइडिंग लाइट'च्या अखेरच्या पर्वात ह्या विवेचनाची कसोटी लागते. २००८च्या फेब्रुवारीअखेरीस खर्च कमी करण्यासाठी ह्या मालिकेने हातात धरावयाचे लहान डिजिटल कॅमेरे स्वीकारले, स्टुडिओत कायमची चार भिंतींची नेपथ्ये उभारली, आणि बाहेरील चित्रण न्यू जर्सीतील पीपॅक गावात सुरू केले. १ एप्रिल २००९ रोजी ती बंद होणार असल्याचे जाहीर झाले व १८ सप्टेंबरला शेवटचा भाग दाखविला गेला. नभोवाणी धरून बहात्तर वर्षांचा तो प्रवास होता. ह्या पर्वातील पुष्कळसे लेखन वर वर्णिलेल्या दोषांनी ग्रासलेले आहे हे नाकारता येत नाही. परंतु ह्याच पर्वात ऑलिव्हिया आणि नतालिया ह्या दोन स्त्रियांच्या हळूहळू उमलणाऱ्या प्रेमाची कथा आली, आणि तिने अनेक वर्षांत न लाभलेली उत्कट दाद मिळविली. दोनच पात्रे, स्वयंपाकघर, अंगण, पुष्कळ वेळ. दारिद्र्याने लादलेल्या मर्यादा येथे कथेच्या कामी आल्या: दोघींच्या बोलण्यात अडखळणे आले, विषयांतर आले, न बोललेले वाक्य आले. तेव्हा काटकसरीने संवाद मरतोच असे म्हणता येणार नाही. मात्र ह्या दोघींभोवतीचे स्प्रिंगफील्ड हे गाव विरळ होत गेले. बातमी पसरावयाची कोठे, हा प्रश्न राहिला. द्विपात्री नाट्य जगले आणि समाज नाहीसा झाला, असा ह्या पर्वाचा निवाडा द्यावा लागेल.

लेखकवर्गाच्या संकोचाचा तिसरा परिणाम संहितेत दिसत नाही, म्हणून त्याची दखल कमी घेतली जाते. हा वर्ग केवळ मजूरवर्ग नव्हता. ती पाठशाळाही होती. अॅग्नेस निक्सन आणि विल्यम बेल ही दोघे इर्ना फिलिप्स ह्यांच्या हाताखाली तयार झाली. निक्सन ह्यांनी १९६८ साली 'वन लाइफ टू लिव्ह' व १९७० साली 'ऑल माय चिल्ड्रन' निर्माण केली, तर बेल ह्यांनी पत्नी ली फिलिप बेल ह्यांच्यासह १९७३ साली 'द यंग अँड द रेस्टलेस'. डॉक्टरेटच्या अभ्यासाच्या निमित्ताने बेल ह्यांच्याकडे आलेल्या के ऑल्डेन लेखकवर्गातच सामील झाल्या आणि १९९८ साली त्यांच्या जागी मुख्य लेखिका झाल्या. प्रबंधलेखनाची अशी फलश्रुती विद्यापीठांत सहसा पाहावयास मिळत नाही! पात्राने वीस वर्षांपूर्वी काय म्हटले होते, कोणता शब्द त्याच्या तोंडी कधीच येणार नाही, हे ज्ञान कोणत्याही टिपणवहीत पूर्णपणे उतरत नाही. ते ज्येष्ठाकडून कनिष्ठाकडे सहवासाने जाते. डग्लस मार्लंड ह्यांनी नव्या मुख्य लेखकांना मालिकेचा पूर्वेतिहास आत्मसात करण्याचा जो आग्रह धरला होता त्याचे मर्म हेच. कनिष्ठांच्या जागा रद्द झाल्या तेव्हा पगार वाचला, आणि ही परंपरा सांभाळणारा माणूसही गेला.

मालकवर्गाला ह्याची जाणीव असावी असे दिसत नाही. २००७-०८ च्या लेखकांच्या संपात रात्रीच्या मालिका एकामागून एक थांबल्या. दुपारच्या मालिका मात्र इतर हातांनी लिहून चालू ठेवण्यात आल्या. २०२३ सालीही हेच घडले. भाग पडद्यावर आला म्हणजे भाषा जिवंत आहे, ही समजूत त्यामागे आहे.

मराठी दैनंदिन मालिकांच्या नामावलीतही कथा, पटकथा आणि संवाद ही श्रेये बहुधा निरनिराळ्या नावांवर असतात. म्हणजे उतरंड येथेही आहे. परोक्ष वाक्याचे प्रत्यक्ष उक्तीत काय होते हे तपासण्यास मराठीच्या अभ्यासकाला दूर जाण्याची गरज नाही. अमेरिकन बाजूचा तौलनिक अभ्यास मात्र एका अडचणीमुळे अवघड झाला आहे. आरंभीचे बहुतेक भाग थेट प्रक्षेपित होत, आणि नंतरच्या अनेक ध्वनिचित्रफिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. त्यामुळे बोललेली भाषा मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली आहे. लिखित साधने तेवढी उरली. त्यांपैकी इर्ना फिलिप्स ह्यांचे कागद मॅडिसन येथे विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीच्या संग्रहात आहेत. त्यांतील संहिता आणि पुढील काळातील तासभराच्या भागांच्या संहिता शेजारी ठेवून उभयान्वयी शब्द, भाववाचक नामे आणि प्रत्येक बातमीचे श्रोते ह्या तीन गोष्टींची जरी गणना झाली, तरी वरील विवेचनापैकी कोणते टिकते आणि कोणते टाकून द्यावे लागते हे कळू शकेल.