पोटात येणाऱ्या गोळ्याची कला

28 फेब्रुवारी 2025 रोजी अमेरिकेतल्या न्यू जर्सीत, सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या पार्कमध्ये सुरुंग उडाले आणि 'किंगडा का' काही क्षणांत आडवा झाला. 139 मीटर उंचीचा आणि ताशी 206 किलोमीटर वेगाचा हा रोलर कोस्टर 2005 साली सुरू झाला आणि बंद होईपर्यंत जगात सर्वांत उंच राहिला. तो पाडला त्याची मला हळहळ वाटली नाही. स्थानकातून सुटायचं, हायड्रॉलिक यंत्राच्या झटक्यानं चार सेकंदांच्या आत पूर्ण वेग गाठायचा, सरळ वर चढायचं, सरळ खाली यायचं, शेवटी एक टेकाड, की आटोपलं. एवढ्या लोखंडाला सांगायचं होतं ते एकच वाक्य, आणि तेही नुसत्या आवाजाच्या जोरावर.

रोलर कोस्टर ही कला आहे असं म्हटलं की लोक थोडे चमकतात. जत्रेतल्या पाळण्याला कला म्हणायचं का? माझं उत्तर ठाम 'हो' असं आहे. पोटात गोळा येतो ही आपली भाषा नेमकी आहे. गाडी टेकाडाच्या माथ्यावरून खाली वळते, पण शरीर जडत्वानं सरळच जाऊ पाहतं. क्षणभर सीटचा आधार सुटतो, मांडीवरचा दांडा अंगाला धरून ठेवतो आणि आतडी आपल्या जागेवरून हलल्यासारखी वाटतात. या क्षणाला या क्षेत्रातली माणसं 'एअरटाइम' म्हणतात. तो कधी द्यायचा, किती द्यायचा, दोन गोळ्यांमध्ये माणसाला श्वास कुठे घेऊ द्यायचा, हे ठरवणं म्हणजे रचना करणं. साखळीवर गाडी टकटक करत चढते ती विलंबित लय. तिथे काहीच घडत नाही, म्हणूनच पुढचं सगळं घडतं.

ही रचना हळूहळू सापडत गेली. 1884 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसननं पाच सेंट घेऊन लोकांना ताशी जेमतेम दहा किलोमीटर वेगानं फिरवलं आणि तेवढ्यावर गर्दी लोटली. रुळाच्या खालच्या बाजूनंही चाक बसवण्याची जॉन मिलरची युक्ती 1919 ची. गाडी रूळ सोडून उडणारच नाही याची खात्री झाली, तेव्हा कुठे टेकाडं धारदार करण्याची मुभा मिळाली. कोनी आयलंडचा 1927 चा लाकडी 'सायक्लोन' आजही धावतो, तो त्या मुभेवरच.

उलटं फिरवण्याचं वेड त्याहून जुनं. 1895 मध्ये तिथेच 'फ्लिप फ्लॅप'नं लोकांना पूर्ण वर्तुळाकार वळशातून नेलं आणि माना दुखावल्या. सरळ रुळावरून वर्तुळात शिरताच सारा भार एकदम अंगावर आदळायचा. ऐंशी वर्षांनी, 1976 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटनच्या 'रेव्होल्यूशन'साठी अँटोन श्वार्झकॉफ आणि वेर्नर स्टेंगेल या जर्मन जोडीनं वळसा थेंबाच्या आकाराचा केला. खाली, जिथे वेग जास्त तिथे वळणाची त्रिज्या मोठी. वर, जिथे वेग मंदावतो तिथे लहान. भार हळूहळू चढतो, हळूहळू उतरतो. स्टेंगेल यांनी पुढे 500 हून अधिक कोस्टरांची गणितं मांडली. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संकलकाचं नाव आपण वाचतो, तसं हे नावही लोकांना माहीत असायला हवं.

मग उंचीची शर्यत लागली. 1989 मध्ये ओहायोतल्या सीडर पॉइंटच्या 'मॅग्नम'नं 200 फुटांची रेषा ओलांडली. 2000 मध्ये त्याच पार्कच्या 'मिलेनियम फोर्स'नं 300 ची, 2003 मध्ये 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर'नं 400 ची. ड्रॅगस्टरचं पुढे काय झालं हे बोलकं आहे. 2021 मध्ये गाडीचा सुटलेला धातूचा तुकडा लागून रांगेतली एक स्त्री गंभीर जखमी झाली. हायड्रॉलिक यंत्रणा काढून चुंबकीय मोटरींवर तो 2024 च्या मेमध्ये पुन्हा उघडला, थोड्याच दिवसांत बंद पडला आणि थेट पुढच्या वर्षी सुरू झाला. आता शर्यत सौदी अरेबियात पोचली आहे. किद्दियाचा 'फाल्कन्स फ्लाइट' ताशी 250 किलोमीटर वेगासाठी आणि सव्वाचार किलोमीटर लांबीसाठी रचलेला आहे. तुवैक पर्वताच्या कड्याचा तो उपयोग करतो, आणि मला त्याच्याविषयी आस्था वाटते ती त्या कड्यामुळे, आकड्यांमुळे नव्हे.

कारण जागेशी झटापट केल्यावर ही कला फुलते, याचा दाखला इंग्लंडमध्ये आहे. स्टॅफर्डशरच्या ऑल्टन टॉवर्स या पार्कमध्ये झाडांच्या शेंड्यांवर काही दिसू द्यायचं नाही असं नियोजनाचं बंधन होतं. रचनाकार जॉन वॉर्डली आणि बोलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीनं वर जाण्याऐवजी खडकात सुरुंग लावून खड्डा केला आणि 1994 मध्ये त्यात 'नेमेसिस' बसवला. रूळ डोक्यावर, पाय अधांतरी, आणि खडकाच्या भिंती हाताच्या अंतरावरून गेल्यासारख्या वाटतात. स्थानकापासून उंची अवघी 13 मीटर, वेग ताशी 80. हे आकडे जाहिरातीत मांडले तर कुणी वळूनही पाहणार नाही. तरीही अठ्ठावीस वर्षं माणसं त्याच्यासाठी येत राहिली. रूळ थकले तेव्हा पार्कनं 2022 मध्ये तो बंद केला, बहुतेक रूळ नवे बनवून घेतले आणि 2024 मध्ये तीच वळणं, त्याच क्रमानं परत दिली. जुन्या बंदिशीला हात न लावता नवी तार चढवावी तसं. मला या दशकातली सर्वांत आश्वासक घटना हीच वाटते. कोस्टरची रचना जपण्याजोगी असते हे एका धंदेवाईक पार्कनं पैसे मोजून मान्य केलं.

दुसरं उदाहरण त्याहून साधं. पेन्सिल्व्हेनियातल्या कनोबल्स पार्कमधला 'फिनिक्स' 1947 साली टेक्ससमध्ये उभा राहिला होता. तो मोडीत निघण्याआधी कनोबल्सनं फळी न् फळी खुणा करून हलवला आणि 1985 मध्ये पुन्हा जोडला. उंची 24 मीटर. गेल्या काही वर्षांत जाणकारांच्या मतदानात सर्वोत्तम लाकडी कोस्टर म्हणून त्यानं अनेकदा पहिला मान मिळवला आहे. शेवटी एकामागून एक येणारी छोटी टेकाडं, प्रत्येकावर अंग सीटवरून उचललं जातं. त्या पार्कला प्रवेशशुल्कही नाही. राइडगणिक तिकीट, आपल्या जत्रेसारखं.

मधल्या काळात तंत्रज्ञानानं एक चुकीची वाटही धरली. 2015–16 च्या सुमाराला चालू कोस्टरवर डोळ्यांना व्हर्च्युअल रिॲलिटीचे चष्मे चढवण्याची लाट आली. ऑल्टन टॉवर्सनंही एका जुन्या कोस्टरवर तो प्रयोग केला. प्रत्येक चष्मा पुसायचा, बांधायचा, जुळवायचा. रांगा लांबल्या, आणि काही वर्षांत बहुतेक ठिकाणी चष्मे उतरले. मला ते अपयश अटळ वाटतं. खरा वारा तोंडावर येत असताना खोटं आकाश कशाला दाखवायचं?

आज सर्वांत प्रभावी प्रवाह रॉकी माउंटन कन्स्ट्रक्शन या अमेरिकी कंपनीचा आहे. हाडं खिळखिळी करणारे जुने लाकडी कोस्टर घ्यायचे, लाकडी सांगाडा ठेवायचा आणि त्यावर पोलादी रूळ बसवायचे. 2011 मध्ये टेक्ससच्या 'न्यू टेक्सस जायंट'पासून हे सुरू झालं. 2018 मध्ये सीडर पॉइंटच्या कंटाळवाण्या 'मीन स्ट्रीक'चा 'स्टील व्हेन्जन्स' झाला, तेव्हा या मार्गाची ताकद पुरती दिसली. टाकाऊ वास्तू पाडण्याऐवजी तिला दुसरा जन्म देणं मला मनापासून आवडतं. पण या शैलीचा अतिरेकही जाणवतो. प्रत्येक टेकाडावर गोळा, प्रत्येक वळणावर पलटी, श्वासाला जागाच नाही. द्रुत लयीतच गायला बसलेल्या गवयासारखं. शिवाय लाकडाचा करकर आवाज, त्याचं किंचित झुलणं, ही स्वतंत्र चव होती. ती गुळगुळीत पोलादात हरवते.

आणि सुरक्षितता. 2015 मध्ये ऑल्टन टॉवर्सच्याच 'स्मायलर'वर, चौदा पलट्यांचा विक्रम मिरवणाऱ्या कोस्टरवर, संगणकानं थांबवलेली गाडी माणसांनी हातानं पुढे सोडली आणि ती रुळावर अडकलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली. दोन तरुणींना पाय गमवावा लागला. चालक कंपनीला 50 लाख पौंडांचा दंड झाला. एका टप्प्यात एकच गाडी, हा नियम कोस्टरमध्ये रुळाइतकाच मूळचा आहे. गोळा पोटात यावा, जिवावर बेतू नये. हे काम रोज सकाळी रिकामी गाडी फिरवून रूळ तपासणारा तंत्रज्ञ करतो, आणि रचनाकाराइतकाच तोही या कलेचा माणूस आहे.

आपल्याकडे काय? माझ्या पिढीनं गोराईच्या खाडीतून लाँचनं एस्सेलवर्ल्ड गाठलं. 1989 मध्ये उघडलेला तो पार्क आता बंद आहे. 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका आलं आणि त्याच्यासोबत 'नायट्रो', नेमेसिसच्याच स्विस कंपनीचा. 40 मीटर उंच, ताशी 105 किलोमीटर, पायाखाली फळी नाही. तो खऱ्या रचनाकारांच्या हातचा आहे, हे पहिल्या उतारालाच अंगाला कळतं. वंडरला ही पार्क-कंपनी तर स्वतःच्या कारखान्यात काही राइड्स बनवते. म्हणजे पैसा आहे, हातही तयार होत आहेत. कमी आहे ती चर्चेची. आपल्या जाहिराती अजून राइड्सची संख्या मोजतात, आणि आपण प्रेक्षक 'भारी होतं', 'चक्कर आली' यापुढे जात नाही. नाटक पाहून आल्यावर दुसरा अंक कुठे पडला यावर आपण रात्रभर वाद घालतो. नायट्रोच्या पाच पलट्यांमधली कोणती नेमकी आणि कोणती भरीची, यावर मराठीत एक परिच्छेदही माझ्या वाचनात नाही.

सह्याद्रीच्या पायथ्याला उतार आहेत, घळी आहेत, काळा कातळ आहे, पावसाळ्यात धुकं आहे. सपाट केलेल्या जमिनीवर परदेशी आराखडा उभा करण्याऐवजी एखादी वीस मीटरची गाडी त्या उतारालाच धरून, झाडांच्या बुंध्यांमधून, ओढ्यावरून, एका घळीत अचानक डुबकी मारून नेता येईल. ती विक्रम करणार नाही. नायट्रोच्या साखळीवरून चढताना उजेड कलत असला की समोरचे डोंगर निळे होत जातात. गाडी माथ्यावर पोचेपर्यंत मी दर वेळी त्यांच्याकडेच पाहतो, आणि तिथे खाली कुठून रूळ जाईल ते मनात आखत राहतो.