‘बनगरवाडी’तील मास्तर : परगावच्या नोकरीचा ताण

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) प्रादेशिक कादंबरी म्हणून मान्यता पावली, आणि तिचा विचारही बहुधा धनगरांच्या जीवनचित्रणाच्या अंगानेच होत आला. या दृष्टीमुळे निवेदक राजाराम मास्तर निव्वळ साक्षीदार ठरतो. वस्तुतः औंध संस्थानातील एका आडवळणाच्या वाडीवर नोकरीसाठी आलेल्या कोवळ्या तरुणाच्या मनावरील ताण हाच या कृतीचा कणा आहे.

हा ताण केवळ घर सुटल्याचा नाही. शाळा चालावी म्हणून संस्थानाने मास्तराला नेमले आहे. मुलांनी मेंढरांमागे जावे ही वाडीची निकड आहे. ज्यांनी नेमले ते दूर आहेत, आणि ज्यांच्यासाठी नेमले त्यांना त्याची गरज भासत नाही. त्याच्या परकेपणाचे मूळ या पेचात आहे. म्हणूनच वृद्ध कारभाऱ्याचा आधार त्याला मोलाचा वाटतो, आणि त्याच कारभाऱ्याचा गैरसमज होताच तो पुन्हा एकाकी पडतो. आयबूची सोबत आणि वाडीकरांची लहानसहान कामे यांतून तो हळूहळू रुळतो. तालीम बांधण्याचा त्याचा ध्यासही केवळ लोकहिताचा नाही. आपण येथे हवे आहोत याची खूण त्याला स्वतःलाच पाहिजे आहे. तालमीच्या निमित्ताने राजेसाहेब वाडीत येतात, तेव्हा नेमणारे आणि स्वीकारणारे प्रथमच एका जागी उभे राहतात. मास्तराचा पेच तेवढ्यापुरता सुटतो.

माडगूळकर हे सारे विश्लेषणाने नव्हे, प्रसंगांनी सुचवितात. हा संयम कादंबरीच्या बऱ्याच भागात गुण ठरतो. पुढे मात्र दुष्काळ पडतो. मेंढरे जगविण्यासाठी धनगर वाडी सोडतात आणि स्थलांतराचा अर्थच पालटतो. कळपामागे वाट धरणे धनगरांच्या जीवनक्रमातच आहे. मास्तराजवळ तसा वारसा नाही. परक्या वाडीने त्याला आपला म्हटले, पण म्हणणारी वाडीच उरली नाही. पहिल्या परकेपणाहून हे दुसरे एकाकीपण अधिक दारुण आहे. त्याची झीज येथे आणखी जवळून दिसावयास हवी होती. ओसाडीच्या समर्थ चित्रात ती काहीशी झाकोळून जाते.

ही उणीव मान्य करूनही एक गोष्ट निश्चित राहते. नव्या जागी मन रुजते ते सोयींनी नव्हे, तर आपली कोणास तरी गरज आहे या प्रत्ययाने, हे सत्य ‘बनगरवाडी’ने कोणताही उपदेश न करता प्रकट केले आहे.