रांदाईचे वर्तुळ आणि नवशिक्याची जागा

पश्चिम सुमात्रातील मिनांगकाबाऊ समाजाचे ‘रांदाई’ हे नाट्य आणि ‘सिलेक’ ही युद्धविद्या यांसंबंधीच्या लेखनात ‘जतन’ हा शब्द अलीकडे वारंवार आढळतो. तरुण पिढी या कलांपासून दुरावत आहे, सबब त्या जतन केल्या पाहिजेत, असा युक्तिवाद असतो. परंतु जतन करावयाचे ते नेमके काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर रांदाईच्या रचनेतच शोधावे लागते.

रांदाईला रंगमंच नाही. मोकळ्या जागेत नट वर्तुळ करून उभे राहतात आणि सिलेकमधून आलेल्या पवित्र्यांनी फिरतात. या फिरण्यास ‘गालोंबांग’ म्हणजे लाट असे नाव आहे. एकजण आरोळी देऊन इशारा करतो, त्यासरशी सर्वांचे पाऊल, टाळी आणि वळण एकदम पडते. घेरदार विजारीच्या दोन पायांमध्ये ताणलेल्या कापडावर हात मारून ढोलासारखा नाद काढला जातो. गीतांतून कथा पुढे सरकते. मग वर्तुळ खाली बसते, दोघेतिघे मध्ये येऊन संवाद म्हणतात, आणि प्रवेश संपताच पुन्हा कडेला मिसळतात. नट आणि समूह यांत कायमची भिंत नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

या रचनेचा शैक्षणिक अर्थ मोठा आहे. ज्याला एकही संवाद येत नाही तोही वर्तुळात उभा राहू शकतो. शेजाऱ्याच्या खांद्याकडे डोळा ठेवून तो पाऊल टाकतो, चुकतो, सावरतो. पुढे कधीतरी मध्यभागी येतो. सिलेकचे शिक्षणही याच जातीचे होते. मातृवंशीय व्यवस्थेत थोरले घर स्त्रियांचे. वयात येणाऱ्या मुलाला तेथे स्वतःची खोली नसे. तो रात्री ‘सुराऊ’ या प्रार्थनागृहात निजे. कुराणपठण तेथेच, आणि सिलेकचे धडेही तेथे किंवा जवळच्या ‘सासारान’ या तालीमजागेत. कला शिकण्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नव्हता. राहणे हेच शिकणे होते. आज मुले आईबापांच्या घरी निजतात. ही काही दुःखाची गोष्ट नव्हे, परंतु शिक्षणाची ती वाट त्यामुळे बंद झाली, हे मान्य केले पाहिजे.

रांदाई अतिप्राचीन आहे, असा समज मात्र सोडून द्यावा. वर्तुळनृत्य, सिलेक आणि ‘काबा’ या कथागायनाचा प्रकार यांच्या मिलाफातून, मलायी फिरत्या नाटकमंडळ्यांचा संस्कार घेऊन, ती विसाव्या शतकाच्या आरंभी नाट्यरूपास आली. (‘काबा’ हा शब्द अरबीतून आलेला, आपली ‘खबर’ त्याचीच बहीण.) पूर्वी स्त्रीभूमिका पुरुषच करीत; १९६० नंतर मुली वर्तुळात येऊ लागल्या. शुद्धतावाद्यांना हा बिघाड वाटत असेल. आम्हांस तो या कलेच्या जिवंतपणाचा सर्वांत सबळ पुरावा वाटतो.

‘साबाई नान आलुईह’ ही रांदाईत लोकप्रिय असलेली कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. साबाईला मागणी घालणाऱ्या बलाढ्य राजो नान पांजांगला तिचा बाप नकार देतो. द्वंद्व ठरते, परंतु त्यात प्रतिपक्षाचा माणूस दगा करून बापाला गोळी घालतो. भाऊ मांगकुताक खेळात दंग आणि भित्रा. अखेर साबाईच बंदूक उचलते आणि सूड घेते. सिलेकने बांधलेल्या युद्धात बंदूक शिरते तेव्हा केवळ एक माणूस पडत नाही. समोरासमोर उभे राहण्याचा नियमच पडतो. आणि वारसा पेलतो तो, ज्याच्याकडून अपेक्षा होती तो मुलगा नव्हे. नव्या पिढीच्या नावाने विलाप करणाऱ्यांनी ही कथा एकदा नीट ऐकावी.

आता जतनाच्या उपायांकडे वळू. १९४८ मध्ये इंडोनेशियाची पेंचाक सिलात संघटना स्थापन झाली. या विद्येला क्रीडेचे रूप मिळाले. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धांत यजमानांनी तिच्या १६ पैकी १४ सुवर्णपदके मिळविली. २०१९ मध्ये युनेस्कोने पेंचाक सिलातच्या परंपरांना आपल्या यादीत स्थान दिले. गौरव खरा आहे. परंतु वजनगट आणि गुण यांत बसविलेल्या क्रीडेला कथेची गरज उरत नाही, आणि सिलेकवाचून रांदाईचे पाऊल पोकळ होते. पादांग पांजांगच्या कलासंस्थेने शिक्षित कलावंत घडविले, ही सेवा मोठी. मात्र तिच्या दारात येणारा विद्यार्थी निवडलेला असतो. १९७९ च्या ग्रामशासन कायद्याने ‘नागारी’ हे पारंपरिक ग्रामघटक मोडले, तेव्हा मंडळींचा स्वाभाविक आधारही डळमळला. सन २००० नंतर नागारी परत आल्या, पण मधल्या काळात एक पिढी वाढून गेली होती.

सर्वांत विपरीत परिणाम स्पर्धांचा दिसतो. रात्रभर चालणारा खेळ ठराविक वेळात बसवावयाचा, तर पहिली काट गीतांना आणि गालोंबांगच्या आवर्तनांना लागते. संवाद व झुंज टिकतात, कारण परीक्षकांस तेच दिसते. परंतु नवशिका उभा राहत होता तो नेमका त्या आवर्तनांत. शिवाय बक्षिसाच्या आशेने उतरलेली मंडळी चुकणाऱ्या मुलाला वर्तुळात कशाला घेईल? अशा रीतीने तरुणांसाठी म्हणून भरविलेला महोत्सव तयार तरुणांपुरताच उरतो.

कर्स्टिन पाउका यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात रांदाई आणि सिलेक यांचा विचार एकत्र केला, तो याच कारणाने महत्त्वाचा. पुढे हवाई विद्यापीठात इंग्रजीतून रांदाई सादर झाली, तेव्हा परक्या विद्यार्थ्यांनाही आधी सिलेकचे पवित्रे शिकावे लागले. दूर हवाईत जो क्रम पाळला गेला, तो सुमात्रातील शालेय स्पर्धांच्या नियमांत आणावयाचा, तर निदान एवढे करता येईल: गालोंबांगची आवर्तने वेळेच्या हिशेबातून वगळावीत, आणि प्रत्येक वर्तुळात त्याच वर्षी शिकू लागलेली काही मुले असावीत.