‘परत आला’ म्हणजे नेमकं काय? एका गाजलेल्या पेपरचं वाचन

सेवाग्राम किंवा सावंगीच्या ओपीडीबाहेर ‘ऑपरेशन झालं होतं, पण परत आला’ हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल. आपल्या वर्ध्यात खर्रा जितका सहज मिळतो, तितकंच हे वाक्यही. पण संशोधनात ‘परत आला’ची व्याख्या करावी लागते. त्यासाठी टाटा मेमोरियलचा २०१५ चा पेपर नीट वाचा.

प्रश्न साधा होता. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीचा आहे, मानेत गाठ लागत नाही. मग तोंडाच्या ऑपरेशनसोबतच मानेतल्या लसिकाग्रंथी काढायच्या, की गाठ दिसल्यावर? ५०० रुग्णांच्या विश्लेषणात आधीच काढलेल्या २४५ पैकी ८१ जणांना रोग परत आला. वाट पाहिलेल्या २५५ पैकी १४६ जणांना.

फरक मोठा दिसतो ना? इथेच थांबा. दुसऱ्या गटात मानेत नंतर उठलेली गाठही ‘परत आला’ म्हणून मोजली जाते. पण ती बहुधा पहिल्या दिवसापासून तिथे लपून होती! म्हणजे या फरकाचा काही भाग अभ्यासाच्या रचनेतूनच येतो.

लेखकांनी मुख्य निकष रिकरन्स न ठेवता जगण्याचा ठेवला, हे या पेपरचं बळ. तीन वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण ८०.० विरुद्ध ६७.५ टक्के होतं. मृत्यूच्या व्याख्येत गोंधळ नसतो.

उणीव? अभ्यास एकाच केंद्रातला, आणि तिथे तपासणी ठरावीक अंतराने होत होती. तरीही वाट पाहणारे मागे पडले. मग सोयाबीन काढणीत आर्वीहून येणं चुकवणाऱ्या रुग्णाचं काय होईल? माझ्या मते, तिथे वाट पाहणं आणखी महागात पडेल; पण हे सिद्ध करायला आपल्याकडचा डेटा लागेल.

तो तुम्ही गोळा कराल तेव्हा एक चूक टाळा. फाइलमध्ये पुढची नोंद नाही, म्हणजे रुग्ण बरा आहे असं नाही. तो नागपूरला गेला असेल, घरीच वारला असेल. कॅप्लान-मायर आलेख असं धरून चालतो की न आलेल्यांचा धोका आलेल्यांइतकाच आहे. आपल्याकडे हे गृहीतक तपासल्याशिवाय मानू नका. आधी फोन लावा, गरज पडल्यास गावी जा, मगच आलेख काढा.