प्रेस बॉक्समधून पडद्यावर

आपल्याकडे काळ्यांच्या साहित्याची चर्चा निघाली की ह्यूज, राइट, बाल्डविन ही नावे येतात. अमेरिकन वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर लिहिणारा काळा स्तंभलेखक मात्र आपल्या चर्चेत येत नाही. तो यायला हवा असे मी म्हणतो. कारण हा लेखक वर्तमानपत्रातून उठून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जाऊन बसला. या स्थलांतरात त्याच्या शब्दाचे काय झाले, हा प्रश्न आपलाही आहे.

वेंडेल स्मिथ 'पिट्सबर्ग कुरिअर' या काळ्यांच्या साप्ताहिकात लिहीत असे. गोऱ्यांच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये तेव्हा काळ्यांना प्रवेश नव्हता. 1939 साली त्याने नॅशनल लीगच्या गोऱ्या खेळाडूंना आणि व्यवस्थापकांना गाठून सरळ विचारले, काळ्यांबरोबर खेळाल का? बहुतेकांनी आपली हरकत नाही असे सांगितले. 'आमचे खेळाडूच तयार नाहीत' हा मालकांचा बहाणा उघडा पडला. 1945 साली ब्रँच रिकीला जॅकी रॉबिन्सनचे नाव सुचवणाराही स्मिथच. पुढे रॉबिन्सन मैदानात उतरला, पण स्मिथला प्रेस बॉक्सचे दार बंद होते. बेसबॉल पत्रकारांच्या संघटनेचे कार्ड दैनिकवाल्यांना मिळे, आणि काळ्यांची पत्रे बहुतेक साप्ताहिके! खेळाडू आत, त्याच्याविषयी लिहिणारा बाहेर. हे रूप आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. शिकागोच्या गोऱ्या दैनिकात गेल्यावर, 1948 साली, त्याला सदस्यत्व मिळाले. 1964 साली तो शिकागोच्या डब्ल्यूजीएन वाहिनीवर गेला. तरी लेखणी सुटली नाही. 1972 साली वारला तोवर 'सन-टाइम्स'मध्ये त्याचा स्तंभ होता.

पुढच्या पिढीची गोष्ट वेगळी. 2001 साली ईएसपीएन वाहिनीवर 'पार्डन द इंटरप्शन' सुरू झाले. 'वॉशिंग्टन पोस्ट'चे दोन स्तंभलेखक, गोरा कॉर्नहायझर आणि काळा विल्बन, समोरासमोर बसून भांडतात. पडद्याच्या कडेला विषयांची यादी, शेजारी उलटे धावणारे घड्याळ. कार्यक्रम रंगतदार आहे, हे मी मान्य करतो. दोघांच्या भांडणाला संपादकीय खोलीतल्या जुन्या मैत्रीचा वास आहे. पण स्मिथच्या 1939च्या प्रश्नावलीला त्या घड्याळात किती सेकंद मिळाले असते? 2010 साली विल्बनने 'पोस्ट' सोडले.

'फिलाडेल्फिया इन्क्वायरर'मधून आलेल्या स्टीफन ए. स्मिथचा 2025चा करार पाच वर्षांचा आणि किमान दहा कोटी डॉलरचा असल्याचे वृत्त आले. काळ्या माणसाला एवढे पैसे मिळाले याचे मला वाईट वाटत नाही. पण ही मजुरी त्याला रोज आवाज चढवून मिळवावी लागते. कुणी याला तमाशा म्हणतील. मी म्हणणार नाही. तमाशातला सोंगाड्या भर वगात पाटलाला चिमटा काढत असे.

इथे पाटलाला चिमटा काढला की काय होते, ते जेमेल हिलच्या बाबतीत दिसले. 2005 साली 'ऑर्लॅंडो सेंटिनेल'मध्ये ती रुजू झाली, तेव्हा उत्तर अमेरिकेच्या दैनिकांतली ती एकमेव काळी स्त्री क्रीडा-स्तंभलेखक म्हणून नोंदली गेली. 2006 साली ती ईएसपीएनवर गेली. सप्टेंबर 2017 मध्ये तिने राष्ट्राध्यक्ष ट्रम्पना श्वेतवर्चस्ववादी म्हटले. व्हाइट हाउसने तिच्या नोकरीवर बोट ठेवले, तरी तेव्हा निभावले. पुढच्या महिन्यात डॅलस काउबॉइज या फुटबॉल संघाच्या मालकाने झेंड्याचा अनादर करणाऱ्या खेळाडूला खेळवणार नाही असे बजावले. तेव्हा हिलने लिहिले, हे ज्यांना पटत नाही त्यांनी संघाच्या जाहिरातदारांकडे पाठ फिरवावी. लगेच दोन आठवडे निलंबन! राष्ट्राध्यक्षापेक्षा जाहिरातदार मोठा, हा वाहिनीचा वर्णक्रम त्यातून कळतो. 2018 साली ती वाहिनी सोडून 'द अटलांटिक' मासिकात लिहू लागली.

परतायला तिला कागद सापडला. पण तो कागदही आखडतो आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 2023 साली आपला क्रीडा विभागच बंद केला. आपल्याकडे तर पहिले पाऊलच अडते. ऑक्सफॅम आणि न्यूजलॉन्ड्री यांच्या 2019च्या पाहणीत भारतीय माध्यमांतल्या 121 नेतृत्वपदांपैकी 106 पदांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातींचा एकही नव्हता. खेळाच्या पानावरचा स्तंभ कुणाला द्यायचा, हे अशाच पदांवरून ठरते.