झाकणं आणि सावरणं

अनिल अवचटांचं ‘मुक्तांगणची गोष्ट’ मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं ते दुसऱ्यांच्या घरातली गोष्ट म्हणून. दुसऱ्यांदा वाचलं ते माझा मावसभाऊ गेल्यावर.

दसलक्षणात बस्तीमध्ये सप्तव्यसनांच्या त्यागावर प्रवचन झालं की आम्ही बायका निश्चिंत मनाने घरी परततो. जुगार, मांस, मद्य... हे आपल्यात कुठलं? त्यामुळे घरात कुणाला व्यसन लागलंच तर त्याचं काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

हे पुस्तक तिथूनच सुरुवात करतं. गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, तरुण पोरांना कशी गिळतेय यावर अवचटांनी लेख लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले, आणि १९८६ मध्ये पुण्यात येरवड्याला मुक्तांगण उभं राहिलं. त्याचा कणा होत्या डॉक्टर अनिता अवचट. व्यसन हा आजार आहे, व्यसनी माणूस वाईट नाही, ही त्यांची धारणा. व्यसनातून सुटलेली माणसंच तिथे नव्याने आलेल्यांचा हात धरतात. अवचट हे सगळं समोर बसून बोलल्यासारखं सांगतात. उपदेश नाही की रडारड नाही, म्हणून ते पटतं.

एक मात्र मला कमी वाटलं. आई-बायकांची गोष्ट आपल्यापर्यंत येते ती लेखकाच्या तोंडून. त्यांनीच ती सांगितली असती, तर आमच्यासारख्या घरातल्या कुणाला बोलायचा धीर आला असता.

कारण आमच्याकडे कुणी बोललं नाही. मावसभाऊ उपचार घेऊन परतला, तेव्हा ‘नोकरीनिमित्त बाहेरगावी होता’ असं सांगितलं गेलं. पुढे पाय पुन्हा घसरला, तेही झाकलं. काही महिने गर्द सुटली की शरीराची सवय मोडते. मग पूर्वीइतकीच मात्रा जीव घेऊ शकते. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. विचारणार तरी कुणाला? तो बंद खोलीत गेला. बाहेर सांगितलं, हार्ट अटॅक.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आहे आणि त्याच्या पाठोपाठ स्थितिकरणही आहे. दुसऱ्याचा दोष चव्हाट्यावर आणायचा नाही, पण डळमळलेल्याला सावरायचंही. वारिषेण मुनींनी मन ढळलेल्या पुष्पडाल मुनींना हाकलून दिलं नाही, सोबत घेऊन पुन्हा स्थिर केलं. आपण पहिलं अंग तेवढं पाठ केलं, आणि तेही अर्धवट. त्याची अब्रू राखण्याऐवजी आपली राखली. पूजा-विधानाला वर्गणी काढणाऱ्या आमच्या श्राविका मंडळाला अशा घरातल्या आईशेजारी तासभर बसता येणार नाही का?

परवा हे पुस्तक मावशीला दिलं. आठवड्याने तिनं विचारलं, “हे तेव्हाच का गं नाही दिलंस?”

तेव्हाही ते माझ्या कपाटात होतं. दिलं असतं, तर मला सगळं ठाऊक आहे हे तिला कळलं असतं. एवढ्यासाठी नाही दिलं.